घाबरण्याची नोकरी

पन्नाशी उलटलेला माणूस भर दुपारी, भर ऑफिसात, दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन बसतो आणि ओरडतो, "आई गं! मेलो!" हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, उंदीर असेल. अंधेरी पूर्वेच्या एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आणि खाली पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना, त्यामुळे उंदरांना काय तोटा! पण आजूबाजूच्या कुणी मान वर करूनही बघितलं नाही. त्या माणसाने, म्हणजे आमच्या काकांनी, पेन्सिल उचलली, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि समोरच्या लांबोडक्या वहीत लिहिलं, "दोन वाजून दहा. कपाट उघडल्यावर भ्यालो. जोरात." मग पाय खाली न सोडताच ते पुढे खेळायला लागले.

त्यांची नोकरीच ती होती. आमची कंपनी व्हिडिओ गेम तपासायची. बाहेरच्या कंपन्या खेळ बाजारात आणायच्या आधी आमच्याकडे पाठवायच्या आणि आम्ही ते खेळून त्यातल्या चुका काढायच्या. नातेवाईक म्हणायचे, "मज्जा आहे बाबा तुझी, खेळायचे पैसे मिळतात!" एकाच भिंतीवर नव्वद वेळा डोकं आपटून बघायला लागलं असतं म्हणजे कळलं असतं मज्जा काय असते ती. काका भुताखेताच्या, भीतीच्या खेळांचे मुख्य. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर वाचून ते त्यातही एखादी चूक काढतील, आणि ती बरोबर असेल.

मुळात ते आले होते कॉम्प्युटर दुरुस्त करायला. कांजूरमार्गला त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. टीव्ही फेकून नवीन घ्यायचा जमाना आला तसं ते बंद पडलं आणि हे ऑफिसं फिरून मशिनं दुरुस्त करायला लागले. आमच्याकडे एक मशीन नीट झालं की नाही बघायला त्यांनी त्यावर जो खेळ होता तो चालू केला आणि असे किंचाळले की खालचे खोकेवाले वर आले. आमच्या मॅडमनी तेव्हाच हेरलं. ऑफिसातली विशी-बाविशीची पोरं कुठलाही खेळ असो, चिप्स खात खात "हां, डर लागतो, झकास" असं लिहून मोकळी व्हायची. मॅडमना खराखुरा घाबरणारा माणूस हवा होता, आणि तो पाना-स्क्रूड्रायव्हर घेऊन आपल्या पायांनी आला होता.

बरं, घाबरणं एकवेळचं नव्हे. तेच कपाट, त्यातलं तेच प्रेत, साठाव्यांदा उघडलं तरी काका साठाव्यांदा उडायचे. त्यासाठी ते मेहनत घ्यायचे. प्रत्येक खेपेआधी तोंड धुऊन यायचे, पॅसेजच्या टोकापर्यंत एक फेरी मारायचे आणि नवीन माणूस असल्यासारखे येऊन बसायचे. मी एकदा विचारलं, "काका, आत काय आहे ते तुम्हाला माहीत असतं ना?"

"माहीत असता म्हणूनच भिती वाटता गो," ते म्हणाले. मालवणकडचे. एरवी आमच्यासारखंच बोलायचे, पण जीव लावून काही सांगायचं असलं की मालवणी सुटायची. "माहीत नसलेल्याक कोण घाबरतंय?"

मला मुलाखतीत त्यांनी एकच प्रश्न विचारला होता. "तू कशाला घाबरतेस?" मी मानखुर्दची, चाळीत वाढलेली. म्हटलं इथे तोरा दाखवायचा. "कशालाच नाही." काका मॅडमना म्हणाले, "ही नको." माझी वाट लागली. मी घाईघाईने म्हणाले, "पालीला! पालीला घाबरते, सर!" "घ्या हिला," काका म्हणाले, "आणि सर शाळेत. मला काका म्हण."

त्यांची शिकवण साधी होती. सगळं सगळ्याला लावून बघायचं. खेळात चावी मिळाली तर ती कुलपाला कुणीही लावेल. आपण ती आरशाला लावायची, भिंतीला लावायची, मेलेल्या माणसाच्या कपाळाला लावायची. प्रेताला काही लावायच्या आधी काका हळूच म्हणायचे, "माफ करा हां." एकदा एक चमचा आरशाला सात वेळा लावल्यावर अख्खा खेळ बंद पडला आणि काका पोरगं पास झाल्यासारखे पेढे घेऊन आले. त्यांचे वडील गिरणीत कापड तपासायला होते. दिवसभर उजेडापुढे कापड सरकत जायचं आणि त्यातला तुटका धागा शोधायचा. "बाबांची नजर काय होती!" काका सांगायचे. "लग्नाला गेले तरी आधी नवरदेवाचा कोट उलटा करून बघायचे."

ही नजर मुलात उतरली होती. त्यांची बिल्डिंग नवीन बांधून झाली तेव्हा बाकीचे लोक पूजेला भटजी शोधत होते आणि काका प्रत्येक दार शंभर वेळा उघडून लावत बसले होते. बिल्डरला त्यांनी चुकांची अकरा पानी यादी दिली. बिल्डरचा माणूस वैतागून म्हणाला, "काका, हे काय लिहिलंय? 'तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात भीती वाटते'?" काका म्हणाले, "चल, दाखवतो." गेले दोघं. येताना त्या माणसाने निमूटपणे वायरमनला फोन करून तिथे दिवा लावायला सांगितला. ही गोष्ट काका आम्हाला महिन्यातून एकदा तरी ऐकवायचे आणि दर वेळी तो माणूस थोडा जास्त घाबरायचा.

हे सगळं हसायला ठीक. पण एका बाबतीत माणूस दगड होता. तपासायच्या गोष्टींची आमची यादी असायची, एकेका ओळीला एकेक गोष्ट, पुढे पास किंवा फेल लिहायचं आणि त्याच्याही पुढे काकांनी स्वतः वाढवलेला रकाना, "भीती वाटली का?" न खेळता पास लिहिलं तर त्याच दिवशी घरी. नियम त्यांचाच. माझ्याआधी दोघा पोरांना त्यांनी असं काढलं होतं. उलटसुलट बोलणं नाही, दुसरी संधी नाही.

आणि मी न खेळता पास लिहिलं. एकदा नाही, चाळीस वेळा.

त्याचं असं झालं. एक जुना खेळ आमच्याकडे आला, तीसेक वर्षांपूर्वीचा, एका विज्ञानकथेवर बेतलेला. नाव सांगायचं नाही म्हणून कंपनीने आमच्या सह्या घेतल्या होत्या, म्हणून सांगत नाही. तो आता नव्या कॉम्प्युटरवर आणि फोनवर आणायचा होता, आणि मराठी आवाजांत. काकांनी तो जुन्या काळी दुकानात दुरुस्तीला आलेल्या कॉम्प्युटरवर खेळलेला, त्यामुळे ते नवरदेवाच्या बापासारखे हवेत होते. गोष्ट अशी, की दूर कुठल्या ग्रहावर एक तळ आहे, तिथे सात माणसं आणि त्यांची काळजी घ्यायला एक यंत्र. सातही माणसं मेली आहेत. पण ते यंत्राला कुणी सांगितलेलं नाही. ते रोज सकाळी सातही जणांची हजेरी घेतं आणि त्यांच्या त्यांच्या आवाजात स्वतःच 'हजर' म्हणतं, दिवसभर त्यांच्या खोल्यांतून बोलतंही. आपण तिथे नव्याने आलेली अधिकारी बाई. आपण एकेका खोलीत जायचं, पुरावे गोळा करायचे आणि त्या यंत्राला पटवायचं की हा माणूस आता नाही. काका त्याला हजेरीमास्तर म्हणायचे. "यात भूत नाय, राक्षस नाय," ते म्हणायचे, "तरी माझे पाय बघ कसे गार पडलेत."

सहावी खोली माझ्याकडे होती. तिथे राहायचा एक म्हातारा मेकॅनिक. नुसती इंग्रजी यादी वाचली तोवर मला काही वाटलं नाही. मराठी आवाज घातलेला खेळ आला, मी हेडफोन लावला, सहाव्या दारापाशी गेले, आणि आतून खोकला ऐकू आला. लांब, कोरडा, मध्येच श्वास अडकणारा. मग आवाज, "कोण आहे गं तिकडे? जरा पाणी दे."

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

माझे बाबा जानेवारीत गेले. शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते, फुप्फुसं कामातून गेली होती. शेवटचे तीन आठवडे रात्रंदिवस खोकत होते आणि घर म्हणजे एक खोली. मला याच नोकरीच्या मुलाखतीचा अभ्यास करायचा होता. मी काय केलं? कानात हेडफोन घातला. पाणी मागितलेलं ऐकू यायचं नाही, मग आई उठायची. नोकरी लागली ती बाबा गेल्यावर नवव्या दिवशी. त्यांना ते कळलंच नाही. घरात आता माझाच पगार, धाकट्या भावाचं कॉलेज त्यावर, आणि मी अजून कायम झालेली नव्हते. सहा महिने पुरे व्हायला पंधरा दिवस होते.

म्हणून मी बसले आणि सहाव्या खोलीच्या चाळीसही ओळींपुढे पास, पास, पास असं लिहीत गेले. भीती वाटली का? नाही, नाही, नाही.

मंगळवारी काकांनी मला बोलावलं. खुर्ची ओढून दिली. "सहाव्या खोलीत भिंतीचा रंग कुठला आहे?"

"राखाडी," मी म्हणाले. बाकी सगळ्या खोल्या राखाडीच होत्या.

"आणि पलंग? दाराच्या डाव्या हाताला की उजव्या?"

"डाव्या."

"दार उघडत नाय," ते म्हणाले. "या खेपेला त्यांनी दारातच चूक करून पाठवलीय. सकाळपासून सगळं लावून बघितलं. चावी, चमचा, हातमोजा. आत कोणी जाऊच शकत नाय. आणि तुझे चाळीस पास."

मला लाज वाटायला हवी होती, पण मला आधी राग आला. "मग काढा ना! लिहा आणि काढून टाका. तुमचाच नियम आहे."

"कित्याक गो?"

"कित्याक काय? खोटं लिहिलं म्हणून."

"ता नाय. खेळलंस नाय, ता कित्याक?"

मग मी सांगितलं. खोकला, हेडफोन, पाणी, सगळं. आईलाही न सांगितलेलं. माझं संपल्यावर त्यांनी माझी यादी पुढे ओढली आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. आता मात्र ते खरंच चिडले होते. "इतकी भ्यालीस की दार ढकलूनसुद्धा बघितलं नाहीस, आणि इथे काय लिहिलंस? नाही? त्या पासापेक्षा हे खोटं मोठं आहे. हा खेळ माणसाला दारातच उभं करतो की नाही, तेवढंच तर त्यांना हवंय आपल्याकडून!"

त्यांनी मला चाळीसही पास माझ्या हाताने खोडायला लावले आणि खाली कारण लिहायला लावलं. मी लिहिलं, "खोकला ऐकून बाहेरच थांबले. आत जायची हिंमत झाली नाही. पास खोटे होते." तो कागद घेऊन ते मला मॅडमकडे घेऊन गेले.

मॅडमनी वाचलं. "काका, मग प्रश्नच मिटला. नियम तुमचा आहे."

"नियम माझा आहे," काका म्हणाले, "आणि तो चुकीचा आहे. मी त्या दोघांना 'का' म्हणून विचारलंच नाही. हिला पहिल्यांदा विचारलं."

"म्हणजे आता ज्याला त्याला माफी द्यायची का?"

"माफी कोण मागतंय? दार दुरुस्त होऊन येऊ दे. हीच खेळेल. चाळीसच्या चाळीस."

मॅडम कडक होत्या, पण वाईट नव्हत्या. म्हणाल्या, शुक्रवारी दुपारी दुरुस्त खेळ येतोय, संध्याकाळी आपलं उत्तर जायला हवं. त्याआधी हिने खोली पूर्ण केली तर राहील. नाही केली तर सोमवारी यायचं कारण नाही. मी घरी काही बोलले नाही. आईने विचारलं, "जेवत का नाहीस गं?" मी म्हटलं, डबा जास्त झाला.

बुधवारी काका ऑफिसला आले नाहीत. आजपर्यंत तापातही न चुकणारा माणूस! गुरुवारी आले तर डबा उघडायला तयार नाहीत. सुकटीच्या वासावरून रोज भांडणारा शेजारचा पोरगाही काळजीत पडला. शेवटी मला म्हणाले, "काल त्या दोघांकडे जाऊन आलो."

पहिला दिंडोशीला मोबाइलच्या दुकानात कामाला होता. काकांनी विचारलं, बाबा रे, तेव्हा न खेळता पास का लिहिलंस? तो म्हणाला, "कंटाळा आला होता, काका. आईशप्पथ, दुसरं काही नाही." हे सांगताना काकांचा चेहरा जरा उजळला. "बरं झालं त्याला काढलं," ते म्हणाले.

दुसरा घाटकोपरला. तो दारात आला, काकांचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तेव्हा विचारलं असतंत तर सांगितलं असतं. आता नाही सांगत." आणि आत गेला.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? खाली येऊन उभा राहिलो थोडा वेळ. बरोबर बोलला तो." काका डब्याच्या झाकणावर बोट फिरवत राहिले. मला त्यांची कधी नव्हे इतकी माया वाटली. स्वतःच्या निम्म्याहून कमी वयाच्या पोराच्या दारात जाऊन 'मी चुकलो' म्हणणारा माणूस मी आमच्या सबंध खानदानात पाहिलेला नाही.

शुक्रवारी दीडला खेळ आला. काकांनी स्वतःची खुर्ची माझ्या शेजारी आणली, दोन्ही पाय वर घेतले आणि दुसरा हेडफोन लावला. मी दार उघडलं. आत भिंत निळी होती आणि पलंग उजव्या हाताला.

खोकला सुरू झाला. यादीत पहिलीच ओळ होती, "खोकला दोन्ही कानांत सारखा येतो का?" येत होता. मी पास लिहिलं. चष्मा उचलायचा, त्यावरची धूळ यंत्राला दाखवायची. यंत्र म्हणतं, "ते चष्मा पुसायला विसरतात." पास. न फोडलेल्या औषधाच्या बाटल्या दाखवायच्या. यंत्र म्हणतं, "मी त्यांना रोज आठवण करून देते." पास. विसाव्या ओळीला तो आवाज पुन्हा म्हणाला, "जरा पाणी दे गं." खेळात पलंगाजवळच्या टेबलावर खरंच एक पेला होता. यादीत लिहिलं होतं, "पेला पलंगाला लावून बघा."

मी माउस सोडून दिला. "काका, माझ्याने नाही होणार."

मला वाटलं, ते काहीतरी धीराचं बोलतील. मी वळून बघितलं तर त्यांनी डोळे गच्च मिटून घेतलेले आणि हाताने माझ्या खुर्चीचा दांडा धरलेला. "माझ्याने पण नाय होत," ते म्हणाले. "पुढची ओळ वाच."

मी पेला उचलला आणि पलंगाला लावला. खोकला थांबला नाही, पाणी तसंच राहिलं. मी रडत होते आणि रडत रडत लिहीत होते. तिसाव्या ओळीला नाक पुसायला काकांनी आपली मशिनं पुसायची फडकी दिली. पस्तीस. अडतीस. शेवटी यंत्राला पटतं. ते एकच विचारतं, "मग उद्यापासून मी त्यांना हाक मारू नको का?"

याला दोन उत्तरं आहेत आणि तपासणाऱ्याला दोन्ही देऊन बघावी लागतात. एकोणचाळिसावी ओळ होती, "मारू नकोस" असं सांगितलं तर खोलीतला आवाज कायमचा बंद होतो का? मी सांगितलं. खोकला मध्येच तुटला आणि नुसती शांतता आली. इतकी, की खालच्या कारखान्यातलं खोकी ठोकायचं मशीन ऐकू यायला लागलं. मी पास लिहिलं.

चाळिसावीसाठी खेळ थोडा मागे नेऊन दुसरं उत्तर द्यायचं होतं. "हाक मारत राहा." मी दिलं. यंत्राने त्या म्हाताऱ्याचं नाव घेतलं. आतून आधी खोकला आला, मग जरा दम खाऊन आवाज, "हजर." पुन्हा हाक, पुन्हा खोकला, पुन्हा "हजर." तपासायचं एवढंच होतं की हे थांबत नाही. दोनदा ऐकलं तरी पुरलं असतं.

पावणेचार झाले होते. काकांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि खुर्ची आवाज न करता आपल्या जागेवर नेली. पलीकडून मॅडम विचारायला येत होत्या, त्यांना त्यांनी हातानेच थांबवलं. "एक ओळ राहिलीय," ते म्हणाले, "ती तपासतेय."

मी हेडफोन दोन्ही कानांवर नीट दाबून बसले आणि ऐकत राहिले. पास लिहिलं तेव्हा सहा वाजून गेले होते.